पावसाळी मासे-खेकडे पकडताना होणाऱ्या इजा व त्यांचा प्रतिबंध : इगतपुरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे हौसेच्या शिकारीला वाव उरलेला नाही. तथापि, इगतपुरीसारख्या अतिपावसाच्या तालुक्यात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणे व रात्री खाचरांच्या बांधांवर खेकडे पकडणे ही परंपरा कायम आहे. प्रस्तुत लेखात या छंदातील धोके व त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे.

इजांचे स्वरूप :
खेकड्याच्या बिळात सापही आश्रय घेतो. बिळात हात घातल्यावर झालेला दंश खेकड्याच्या नांगीचा समजला जाण्याची शक्यता असते आणि हीच चूक प्राणघातक ठरते. मण्यारचा दंश तर बहुधा वेदनारहित असतो. पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास होणे ही लक्षणे मागाहून दिसतात.

दुसरा धोका पाण्याचा. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाल्यास खालचा ओहोळ अल्पावधीत फुगतो. दारणा, भावली यांसारख्या धरणांतून विसर्ग सुरू झाल्यावरही नदीपात्राची पातळी वाढते.

तिसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. साधारणतः ५ ते १४ दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे उद्भवतात.

प्रतिबंध :
बिळात हात न घालता आकडा वा काठी वापरावी. गमबूट व प्रखर विजेरी जवळ असावी. एकट्याने जाऊ नये. पाणी गढूळ होऊन वाढू लागताच पात्र सोडावे. पायाला जखम असल्यास पाण्यात उतरू नये. नंतर ताप आल्यास पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

संशयास्पद दंश सर्पदंशच मानावा. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्वरित रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष उपयुक्त असते. म्हणून साप पकडण्यात वेळ दवडू नये.

निष्कर्ष :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. मात्र प्रतिबंधाचा आरंभ बांधावरच होतो. जेथे नजर पोहोचत नाही तेथे हात-पाय घालू नये, एवढा नियम पाळल्यास बहुसंख्य इजा टळू शकतात.