लेस्वोसचे पाहुणे, लेस्वोसचे रहिवासी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लेस्वोसला गेलेला पक्षिनिरीक्षक सकाळी उठल्याउठल्या आकाश बघतो आणि ते निरभ्र दिसलं की हिरमुसतो. बाकीचे प्रवासी समुद्राकाठी ऊन खात पडलेले असतात, तेव्हा हा मनातल्या मनात पावसाची एखादी सर मागत असतो. हिशेब साधा आहे. आफ्रिकेतून उत्तरेकडे निघालेले बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. मध्ये सहारा आणि त्यापुढे भूमध्य समुद्र. एवढ्या वाटेत खायला काही मिळण्याची शाश्वती नाही, म्हणून दहा-बारा ग्रॅमचा वटवट्या निघण्यापूर्वी खाऊन खाऊन अंगावर इतकी चरबी चढवतो, की त्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. दक्षिणेचा वारा पाठीशी आणि हवा स्वच्छ असली, तर हे पक्षी बेटाकडे ढुंकूनही न पाहता वरच्यावर पुढे निघून जातात. पण पहाटे उत्तरेचा वारा सुटला, पावसाने गाठलं, की थकलेला जीव दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतो. अशा सकाळी ओढ्याकाठच्या एकाच अंजिराच्या झाडावर माशीमार, वटवटे, खाटीक आणि युरोपीय हळद्या एकत्र सापडू शकतात, आणि ते इतके भुकेलेले असतात, की माणूस जवळ आला तरी त्यांचं किडे टिपणं थांबत नाही.

जुन्या पुस्तकांत लेस्बोस म्हणून येणारं हे बेट ग्रीसमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं. क्षेत्रफळ साधारण १,६३० चौरस किलोमीटर. राज्य ग्रीसचं, पण शेजार तुर्कस्तानचा. उत्तरेकडे दोन्ही किनाऱ्यांमध्ये जेमतेम दहा किलोमीटरचा समुद्र आहे. याच पट्ट्यातून २०१५ साली रबरी होड्यांत बसून लाखो निर्वासित इथे उतरले आणि बेटाचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं. पक्ष्यांच्या स्थलांतराशी त्याची तुलना करण्याचा मोह तेव्हा अनेक लिहिणाऱ्यांना झाला. तो टाळलेलाच बरा. पक्ष्याला घर सोडावं लागत नाही, त्याची घरं दोन असतात.

तुर्कस्तानच्या या शेजारामुळे आशियातल्या काही पक्ष्यांची युरोपातली हद्द लेस्वोसवर येऊन संपते. ब्रिटन-नेदरलँड्समधून दर वसंतात दुर्बिणी गळ्यात घालून येणाऱ्यांना त्याचंच आकर्षण असतं. बेटाचे स्वभावही दोन. पूर्वेकडे पाइनची जंगलं आणि एक कोटीहून अधिक ऑलिव्हची झाडं; पश्चिमेकडे ज्वालामुखीच्या खडकांचा उघडाबोडका, काटेरी झुडपांचा मुलूख. सिग्री गावाजवळ तर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं जाऊन दगड झालेलं अख्खं जंगल आहे. हिरव्या भागातून उघड्या भागात गाडीने जायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात पक्ष्यांची यादी निम्म्याहून अधिक बदलते.

या सगळ्याच्या मध्यावर कल्लोनीचं आखात आहे. समुद्र एका चिंचोळ्या तोंडातून आत घुसलेला, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि संथ. त्याच्या काठावर मिठागर. समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं, ही पद्धत उरण-पेणच्या माणसाला समजावून सांगायला नको. प्रत्येक खाचरात खारटपणा वेगळा, म्हणून त्यातला जीवही वेगळा. कमी खारट पाण्यात मासे आणि किडे, जास्त खारट पाण्यात फक्त बारीक कोळंबीसारखे जीव, आणि त्यांच्यावर ताव मारणारे रोहित पक्षी. बांधांवर शेकाट्यांची घरटी असतात. कोणी जवळ गेलं की अख्खं जोडपं डोक्यावर घिरट्या घालत ओरडून कान किटवतं. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या पाण्यात मान डावी-उजवी हलवत चरतो. सुरय सूर मारतात. आणि नदीच्या मुखाशी काळा करकोचा एकटाच मासे शोधत उभा असतो.

मराठी पक्षिनिरीक्षक इथे गेला तर त्याची गंमतच होते. उजनीवर आणि जायकवाडीवर हिवाळ्यात पाहिलेला चक्रवाक इथे पिल्लं घेऊन फिरताना दिसतो. आपल्याकडे येणारे चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियातले; इथली टोळी निराळी, पण नारिंगी अंग आणि भोंग्यासारखा आवाज तोच. कवींनी चांदण्यावर जगवलेला चकोरही इथे आहे. पश्चिमेच्या टेकड्यांवर तो भर दुपारी दगडधोंड्यांतून पळत बिया टिपत असतो.

पक्षी येतात आणि जातात, पण जातात कुठे, हा प्रश्न याच आखाताच्या काठी फार पूर्वी विचारला गेला आहे. इसवी सनापूर्वी ३४५च्या सुमारास अॅरिस्टॉटल समोरच्या किनाऱ्यावरच्या अॅसोसहून लेस्वोसला आला. बेटाच्या पश्चिमेकडचं एरेसोस हे त्याच्या थिओफ्रास्टस या सहकाऱ्याचं गाव. एकाने प्राणी पाहिले, दुसऱ्याने वनस्पती. अॅरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात पिऱ्हा या नावाने वारंवार येणारं खारं पाणी म्हणजे कल्लोनीचंच आखात. त्या ग्रंथात सुमारे पाचशे प्राणी आहेत आणि पक्ष्यांच्या स्थलांतरावर मजकूरही आहे. क्रौंच पक्षी उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून इजिप्तच्या दक्षिणेला, नाईलच्या उगमाकडच्या दलदलींत जातात, हे त्याने बरोबर लिहिलं. माळभिंगऱ्यांच्या बाबतीत मात्र तो घसरला. त्यातल्या काही हिवाळ्यात बिळांत पिसं गाळून पडून राहतात, असं त्याने नोंदवलं. आणि थिरथिरा हिवाळ्यात रॉबिन होतो, असंही. हे दुसरं विधान वाचून हसू येतं, पण त्यामागची निरीक्षणं चोख आहेत. ग्रीसमध्ये युरोपीय थिरथिरा उन्हाळ्यातला पक्षी, तर रॉबिन सखल भागात हिवाळ्यात येतो. आकार सारखा, दोघांच्याही अंगावर तांबूस रंग, आणि दोघं एका वेळी सहसा दिसत नाहीत. ज्याच्याकडे दुर्बीण नाही आणि आफ्रिकेची खबर नाही, त्याने दुसरा कोणता निष्कर्ष काढायचा?

उत्तर यायला दोन हजार वर्षांहून अधिक काळ गेला. १८२२ साली जर्मनीत क्ल्युट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला, तेव्हा त्याच्या मानेत आरपार घुसलेला लांब भाला आफ्रिकेतला निघाला. जखमी होऊनही तो एवढ्या लांबून परत आला होता. पुढे १८९९मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेनसेन या शिक्षकाने मैनांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेल्या अॅल्युमिनियमच्या कड्या अडकवायला सुरुवात केली आणि अंदाजाची जागा नोंदींनी घेतली. आज काही ग्रॅम वजनाच्या यंत्रांमुळे पक्ष्याचा अख्खा रस्ता नकाशावर उमटतो.

सगळेच जात नाहीत. बेटाचा मानाचा रहिवासी म्हणजे क्रूपरची शिलींध्री. एकोणिसाव्या शतकातल्या थिओबाल्ड क्रूपर या जर्मन निसर्गअभ्यासकाचं नाव तिला मिळालं आहे. ती मुख्यतः तुर्कस्तानातली. आखाताच्या पूर्वेला आख्लादेरीच्या पाइनवनात ती दिसते. राखाडी पाठ, नराच्या कपाळावर काळी टोपी आणि छातीवर विटकरी डाग. सगळा पक्षी चिमणीहून लहान. ती खोडावरून डोकं खाली करून उतरते आणि पाइनच्या शंकूंतून बिया काढते. घरटं मात्र कुजलेल्या, मेलेल्या पाइनच्या खुंटात स्वतः पोखरून करते. जंगल साफसूफ ठेवण्याच्या हौसेपायी असे खुंट उचलले गेले, तर तिचं घरच गेलं. पाहुण्यांचीही एक खोड इथे नडते. मोबाइलवर तिचा आवाज वाजवून तिला बोलावायचं, फोटो मिळाला की दुसऱ्या गटाने तेच करायचं. पिल्लांना भरवायचं सोडून तिने नसलेल्या शत्रूशी भांडत बसावं, हे कुठल्याही फोटोच्या मोलाचं नाही.

तिची खडकांवरची चुलत बहीण पश्चिमेच्या उघड्या भागात राहते. झाडच नाही, तर पोखरणार काय? म्हणून ती कड्याला चिखलाची सुरई चिकटवते. पोट फुगीर, तोंडाशी बोटभर नळी, आणि चिखलात शेण, केस, किड्यांचे तुकडे मळलेले. वाळल्यावर हा गारा असा घट्ट होतो, की नखाने खरवडूनही निघत नाही. तीच घरटी वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरली जातात.

याच भागात ऑर्डिम्नोस डोंगराच्या माथ्यावर इप्सिलूचा मठ आहे. मठापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी दुर्बिणींची गर्दी असते ती राखी भारीटासाठी. पिवळसर राखाडी डोक्याचा हा साधासुधा पक्षी जगात पश्चिम तुर्कस्तान, इराणकडचा थोडा भाग आणि एजियन समुद्रातली मोजकी बेटं एवढ्यावरच वीण घालतो आणि हिवाळ्याला तांबड्या समुद्राच्या आसपास जातो. रंगीबेरंगी राघू तारांवर ओळीने बसलेले असताना लोक या फिकट पाखरासाठी वारा खात तासभर उभे राहतात. छंदाचं शास्त्र असंच असतं.

समुद्रावरून कधी एक लांब, निमुळत्या पंखांचा ससाणा सपासप येतो आणि हवेत किडे पकडू लागतो. हा एलिओनोराचा ससाणा. चौदाव्या शतकात सार्डिनियात राज्य करणाऱ्या एलिओनोराने १३९२च्या आपल्या कायद्यात ससाण्यांना संरक्षण दिलं होतं, म्हणून हे नाव. जगातल्या याच्या बहुसंख्य जोड्या ग्रीक बेटांच्या कड्यांवर वीण घालतात, आणि तीही भलत्याच वेळी. इतर पक्ष्यांची पिल्लं उडून गेली, की यांची अंडी उबवायला सुरुवात होते. ऑगस्टअखेर पिल्लं बाहेर पडतात, नेमकं तेव्हाच युरोपातले लाखो छोटे पक्षी दक्षिणेला निघालेले असतात. एरवी किड्यांवर भागवणारा हा पक्षी मग पिल्लांसाठी समुद्रावरच त्यांची शिकार करतो. काम उरकलं, की मादागास्करकडे प्रयाण.

ससाण्याची शिकार निसर्गाच्या हिशेबात बसते. माणसाची बसत नाही. युरोपीय संघाच्या १९७९च्या पक्षिसंरक्षण निर्देशाने परतीच्या वाटेवरच्या वसंतातल्या शिकारीला बंदी घातली, तरी भूमध्य बेटांवर ती पुरती थांबलेली नाही. माल्टात २०१५च्या एप्रिलमध्ये याच प्रश्नावर सार्वमत झालं आणि शिकार चालू ठेवणाऱ्यांची बाजू एक टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकली. सायप्रसमध्ये वटवट्यांच्या जातीचे पक्षी पकडून खाण्याची जुनी चाल आहे. त्यासाठी काड्यांना जो चिकट लेप लावतात, तो भोकराच्या फळांपासून करतात. होय, आपल्याकडे ज्याचं लोणचं घालतात तेच भोकर, निदान त्याचा सख्खा जातभाई. लेप लावलेल्या काड्या झुडपांत ठेवल्या, की बसलेल्या पक्ष्याचे पाय आणि पंख चिकटतात. कोणता पक्षी अडकेल याचा नेम नाही. १९७४पासून हे बेकायदेशीर आहे, तरी चोरून चालतं. ग्रीसमध्ये १९८२ साली स्थापन झालेली पक्षिअभ्यासकांची संस्था अशा शिकारीवर नजर ठेवते. लेस्वोसवर दुर्बीण घेऊन येणाऱ्यांमुळे एप्रिल-मेमध्ये खानावळी आणि खोल्या भरतात. उन्हाळी गर्दीच्या आधीचे हे दिवस एरवी रिकामे गेले असते. पक्षी जिवंत राहण्यात गावाचा फायदा असला, की पहारा आपोआप वाढतो.

आणि आता दुसरा भारीट. मे महिना उजाडला, की कल्लोनीच्या आसपासच्या शेतांच्या कुंपणांवर काळ्या डोक्याचा भारीट दिसू लागतो. डोकं काळंभोर, पाठ विटकरी, पोट हळदीसारखं पिवळं. या बेटावर वीण घालणाऱ्या बहुतेक स्थलांतरितांचं दुसरं घर आफ्रिकेत असतं, याचं भारतात. इटली आणि बाल्कनपासून इराणपर्यंत वीण घालणारे जवळपास सगळे काळ्या डोक्याचे भारीट हिवाळ्यात पश्चिम आणि मध्य भारतात येतात. लेस्वोस ते सोलापूर हे अंतर सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरांहून अधिक भरतं, आफ्रिका मात्र समोर समुद्रापलीकडेच. हा पक्षी मुळात आशियातून पश्चिमेकडे पसरत गेला आणि वाट मात्र जुनीच धरून राहिला, असं अभ्यासकांचं सांगणं आहे.

त्याला पाहायला पासपोर्ट लागत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या भागांत हिवाळ्यात रब्बी ज्वारीच्या शेताच्या कडेला सकाळी उभं राहिलं, की हुरड्यात आलेल्या कणसांवर पिवळ्या पाखरांचे थवे उतरताना दिसतात. शेतकऱ्याला हे कौतुक परवडत नाही. माळ्यावरून त्याची गोफण फिरते, थवा उठतो आणि पलीकडच्या वावरात जाऊन बसतो. ओळखताना एक लक्षात ठेवायचं: हिवाळ्याच्या सुरुवातीला नराच्या डोक्यावरचा काळा रंग पिसांच्या फिकट कडांखाली झाकलेला असतो. या कडा झिजत जातात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत डोकं काळं दिसू लागतं. त्याच थव्यात मध्य आशियातून आलेला लाल डोक्याचा भारीटही मिसळलेला असतो. नर वेगळे ओळखायला अवघड जात नाही. माद्यांच्या बाबतीत मात्र फोटो समोर ठेवूनही जाणकारांचे वाद होतात, आणि नवख्याने वहीत नुसतं ‘भारीट, मादी’ एवढं लिहिलं तरी कोणी नावं ठेवत नाही.