टाकीवर थापा का नाही मारल्या?

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तंबू, रांगा आणि आकडे येतात. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या धामधुमीत सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनींचं घरदार सुटलं, हे आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या माणसांच्या मनाचं काय झालं, हे कळायला मात्र कथा-कादंबऱ्यांकडेच जावं लागतं.

घसान कनाफानी हा त्यांच्यातलाच एक लेखक. १९३६ मध्ये आक्रे शहरात जन्मलेला, बाराव्या वर्षी कुटुंबासह परागंदा झालेला. दमास्कसमध्ये निर्वासितांच्या मुलांना शिकवता शिकवता तो लिहू लागला. पुढे राजकारणात उतरला आणि १९७२ मध्ये बैरूतमध्ये गाडीतल्या बॉम्बस्फोटात भाचीसह मारला गेला.

‘मेन इन द सन’ ही त्याची छोटीशी कादंबरी १९६३ सालची. तीन पॅलेस्टिनी पोटासाठी चोरून कुवेतला निघालेत. त्यातला एक तर जेमतेम सोळा वर्षांचा. ट्रक ड्रायव्हर त्यांच्यातलाच, तोही युद्धात कायमचा जायबंदी झालेला. सीमा आली की तो तिघांना पाण्याच्या रिकाम्या टाकीत लपवतो. ऑगस्टचं ऊन, तापलेलं लोखंड! चौकीतले कारकून मात्र ड्रायव्हरची थट्टामस्करी करत वेळ काढतात. तो धावत येऊन झाकण उघडतो, तेव्हा तिघंही गेलेले असतात. रात्री तो प्रेतं कचऱ्याच्या ढिगाजवळ टाकतो, त्यांचे पैसे काढून घेतो आणि मग आक्रोश करतो, की यांनी टाकीवर थापा का मारल्या नाहीत?

ही टाकी म्हणजे घर, गाव, कागद सगळं गमावलेल्या समाजाची घुसमट. ओरडलं तर पकडले जाणार, गप्प बसलं तर मरणार. पण मला अस्वस्थ करतो तो प्रश्न विचारणारा. झाकण त्यानंच लावलं होतं ना? समुपदेशन केंद्रात काम करताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकलाय! मार खाल्लेल्या बाईला सासर-माहेर दोन्हीकडचे विचारतात, ‘मग आधी का नाही बोललीस?’

गंमत म्हणजे, तौफिक सालेह यांनी १९७२ मध्ये यावर ‘द ड्यूप्स’ हा चित्रपट काढला. त्यात ते तिघं टाकीवर थापा मारतात. पण चौकीतल्या एसीच्या घरघरीत त्या कुणाला ऐकूच जात नाहीत.

कनाफानीच्याच ‘रिटर्निंग टू हैफा’त १९४८ च्या पळापळीत पाच महिन्यांचं बाळ मागे राहिलेलं जोडपं १९६७ मध्ये आपल्या जुन्या घरी येतं. तिथं आता युरोपातल्या ज्यूसंहारातून वाचलेली मिरियम राहते. तिनंच ते बाळ वाढवलंय. एवढं डोंगराएवढं दुःख समोर, आणि बापाची नजर जाते फुलदाणीकडे. मोरपिसं सात होती, आता पाचच आहेत! मोठं दुःख असंच बोलतं. आमच्याकडे येणारी बाईही आधी फुटलेल्या कपबशीचंच सांगते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर पेटलेल्या युद्धात गाझातली बहुतेक माणसं पुन्हा बेघर झाली. रोजचे आकडे ऐकून आपले कान बधिर होतात. म्हणूनच मैत्रिणींनो, ही दोन छोटी पुस्तकं जरूर वाचा. इंग्रजी अनुवाद मिळतात. आणि ‘ते बोलले का नाहीत’ हे विचारण्याआधी, आपल्या घरातला आवाज थोडा कमी करून बघा.