सशांनी फोडलेले गुपित

वयात आलेल्या नर डुकराचे मांस तव्यावर पडले आणि चरबी सुटू लागली, की कधी कधी स्वयंपाकघरात असा दर्प उठतो की जेवणाऱ्याने ताट सारून उठावे. घाम, मूत्र आणि शेण यांच्या मधला कसलातरी तो वास. गंमत अशी की काही माणसांना तो येतच नाही. ज्यांना येतो ते मात्र त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाहीत. युरोपातल्या शेतकऱ्यांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज केला. पिल्लू आठवडाभराचे होते न होते तोच त्याचे मागचे पाय धरायचे, सुरीने छेद द्यायचे आणि वृषण ओढून काढायचे. भूल नाहीच. आपल्याकडे गोऱ्ह्याला आडवा पाडून चिमट्याने खच्ची करताना त्याचा हंबरडा ज्याने ऐकला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

ही सुरी ज्या संशोधनामुळे खाली ठेवता आली, ते करणाऱ्यांच्या मनात डुकरांचे भले मुळीच नव्हते. त्यांना डुकरांचे मेंदू हवे होते, आणि तेही लाखोंनी.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक इवलासा भाग असतो. तो काही रासायनिक निरोप धाडतो आणि खालची पीयूषिका ग्रंथी त्या हुकुमावर चालते, असा कयास 1950च्या दशकात मांडला जात होता. निरोप कोणीच पाहिला नव्हता. फ्रान्समधून आलेले रॉजर गियमँ आणि पोलंडमध्ये जन्मलेले अँड्र्यू शॅली यांनी ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात 1957पासून पाच वर्षे एकत्र खपून त्याचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. लागले ते वैर. 1962मध्ये शॅली न्यू ऑर्लिन्सला निघून गेले आणि मग दोन प्रयोगशाळांत अशी चढाओढ जुंपली की एकाने दुसऱ्याचे श्रेय शक्यतो छापूच नये.

गियमँ यांनी मेंढ्या धरल्या, शॅलींनी डुकरे. एका मांसकंपनीने शॅलींना कत्तलखान्यातले मेंदूचे तुकडे फुकट पुरवले. गोठवलेले तुकडे वाटायचे, गाळायचे, गाळलेले पुन्हा गाळायचे. वर्षांमागून वर्षे हेच. सहकारी शास्त्रज्ञ कुजबुजू लागले की असा पदार्थ मुळात नाहीच, सरकारी पैसा मोरीत चालला आहे. अनुदान आटण्याची चिन्हे दिसू लागली, आणि नेमक्या त्याच सुमारास, 1969मध्ये, पहिला निरोप दोन्ही गटांच्या हाती जवळपास एकाच वेळी आला. तो थायरॉइडशी संबंधित होता. जननग्रंथींना जागे करणारा निरोप अजून दडलेलाच होता.

त्यासाठी शॅलींच्या चमूने दीड लाखाहून अधिक डुकरांचे हायपोथॅलॅमस पिळून काढले. अखेरीस जो शुद्ध पदार्थ उरला, तो एक मिलिग्रॅमही भरला नाही. चिमटीत धरायलाही अपुरा! एवढ्याशा ऐवजावर चमूतल्या हिसायुकी मात्सुओ आणि योशिहिको बाबा यांनी त्याची घडण उलगडायला घेतली. चूक करायला जागाच नव्हती; सांडले की पुन्हा दीड लाख डुकरे. 1971मध्ये उत्तर आले. अवघ्या दहा अमिनो आम्लांची ती माळ होती. डुकरात आणि मेंढीत तीच. माणसातही तीच.

आता हा पदार्थ रक्तात किती असतो, हे मोजणे आले. त्याची युक्ती शास्त्रज्ञ रोझलिन यॅलो यांनी आधीच दिली होती. पण तिच्यासाठी त्या पदार्थाला अचूक पकडणारी प्रतिपिंडे लागत, आणि ती तयार करवून घ्यायची तर सशाला टोचणे भाग. शॅलींच्याच प्रयोगशाळेतले अकिरा अरिमुरा त्या कामाला लागले. अडचण साधी होती. एवढ्या छोट्या आणि अंगच्याच रेणूला शरीर परका मानत नाही. म्हणून त्याला मोठ्या परक्या रेणूची सोबत दिली. शरीर फसले, प्रतिपिंडे उमटली, मोजमापाचे साधन तयार झाले. काम फत्ते.

पण सशांचे काहीतरी बिनसले होते. त्यांच्या जननग्रंथी आक्रसल्या होत्या.

प्रतिपिंडांनी नमुन्यातला रेणू जसा धरला, तसाच सशाच्या स्वतःच्या रक्तातलाही धरला. मेंदू निरोप धाडत होता आणि तो वाटेतच अडवला जात होता. पीयूषिका गप्प, वृषण गप्प. सुरी न लावता ससा खच्ची झाला होता. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या मथळ्यातच अरिमुरांनी ही गोष्ट नोंदवली. दुसरा कोणी असता तर बिघडलेले जनावर म्हणून तो ससा बाजूला काढून मोकळा झाला असता. चार वर्षांनी, 1977चे वैद्यकाचे नोबेल गियमँ, शॅली आणि यॅलो या तिघांना विभागून मिळाले. सशांचे नाव अर्थातच कुठे नव्हते.

हा शोध प्रयोगशाळेतून गोठ्यात यायला पाव शतक लागले. सशात प्रतिपिंडे उसळवणारी तेलकट मिश्रणे मोठ्या जनावराला टोचली की गाठी धरत, गळवे होत. खाण्याच्या जनावराला ते चालणार कसे? ऑस्ट्रेलियात 1990च्या सुमारास गाईंना गाभण राहू न देणारी अशीच एक लस बाजारात उतरली आणि काही वर्षांतच गुंडाळली गेली. मैलोन्‌मैल पसरलेल्या कुरणांतून तेच कळप दोन मात्रांसाठी दोनदा हाकून आणायचे कोणी!

तरीही त्याच देशात दुसरा डाव मांडला गेला, या वेळी डुकरांवर. तिथले बहुतेक पशुपालक नरांना कापत नसत, दर्प धरण्याआधीच हलक्या वजनात विकून टाकत. सीएसएल कंपनीने त्या दहा मण्यांच्या माळेची कृत्रिम, किंचित तोडकी नक्कल घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाला जोडली आणि तेलाला फाटा दिला. 1998मध्ये ‘इम्प्रोवॅक’ ही लस विक्रीला आली.

तिची खरी हुशारी वेळेत आहे. पहिल्या मात्रेनंतर वरवर काहीच घडत नाही. नर नरच राहतो, नरासारखाच कमी खाद्यात भरभर वाढतो. कत्तलीच्या चार-सहा आठवडे आधी दुसरी मात्रा पडते, आणि मग पंधरवड्यात त्याची भांडखोरी ओसरते, एकमेकांवर चढणे थांबते, चरबीतला दर्प विरत जातो. 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत लस न दिलेल्या सुमारे निम्म्या नरांच्या चरबीत दर्पाचे द्रव्य खटकण्याइतके होते. लस दिलेल्यांत एकाच्याही नव्हते. युरोपने 2009मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने 2011मध्ये. गिऱ्हाईक मात्र अजून बिचकते. लशीत संप्रेरक नाही, उलट ती संप्रेरकाला अडवते, हे मांसाच्या काउंटरवर उभ्या माणसाला पटवणे प्रयोगशाळेतल्या कामाहून अवघड ठरले आहे.

बिचकण्यासारखी जागा एकच आहे, आणि ती ताटात नाही. तो रेणू माणसातही तोच असल्याने लस टोचणाऱ्याच्या हातातल्या पिचकारीला सुई झाकणारे खास कवच असते. तरीही चुकून स्वतःला टोचली गेली, तर त्याने तडक डॉक्टर गाठायचा आणि ती लस पुन्हा कधीही हाती धरायची नाही. पहिल्या मात्रेने काही होत नाही, हे डुकराच्या बाबतीत त्याने रोज पाहिलेले असते. दुसरीने काय होते, तेही.