कठड्यावरची जागा

कोकणात 1 जूनला मासेमारी बंद होते आणि होड्या किनाऱ्यावर चढतात. नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मासेमारीचा हंगाम रंगात येऊ लागतो. न्यूयॉर्क शहरापासून लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला, सुमारे दोनशे किलोमीटरवर मॉन्टॉक आहे. 1796 साली बांधून झालेला तिथला दीपस्तंभ पाहायला माणसं जातात, तशीच धक्क्यावरच्या बोटींसाठीही जातात. या बोटींना ‘पार्टी बोट’ म्हणतात. नाव ऐकून नाचगाणं डोळ्यांपुढे येतं, पण इथे त्यातलं काही नसतं. माणशी तिकीट काढायचं, कठड्याला आपली जागा धरायची आणि गळ सोडून उभं राहायचं. काठी, रीळ, आमिष बोटीवर मिळतं. अख्खी बोट भाड्याने घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी खोल पाण्यात जायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग. म्हणून कठड्याला निवृत्त बसचालक, शाळकरी पोरगा आणि रात्रपाळी करून थेट आलेला स्वयंपाकी शेजारी शेजारी दिसू शकतात.

या धंद्याची एक अडचण जन्मजात आहे. गिऱ्हाईक कॅलेंडर बघून येतं आणि मासा पाणी बघून. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, त्या शनिवार-रविवारी अमेरिकन माणसाचा उन्हाळा सुरू होतो. समुद्राला याची खबर नसते. मेच्या सुरुवातीला मॉन्टॉकचं पाणी साधारण 10 अंश सेल्सियस असतं, जूनच्या मध्याला कुठे ते 16च्या घरात पोचतं. उथळ खाड्या आधी तापतात, उघडा समुद्र मागाहून. म्हणून मे महिन्यात पेकोनिक खाडीत विणीला आलेल्या पोर्गी नावाच्या माशांचे थवे लागतात आणि तेव्हाच बाहेरच्या खोल पाण्यात एखादी बोट जवळजवळ रिकाम्या हाताने परतते. त्यात धुकं. नैर्ऋत्येचा दमट, ऊबदार वारा अजून गार असलेल्या पाण्यावरून वाहिला की समोरच्या बोटीचा भोंगा ऐकू येतो, बोट दिसत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना हवा असतो तो फ्लूक. आपल्या लेप्यासारखाच चपटा, वाळूत अंग पुरून बसणारा मासा. जन्मतः त्याचे डोळे दोन बाजूंना असतात, वाढताना एक डोळा सरकून दुसऱ्याशेजारी येतो आणि दोन्ही डाव्या अंगाला जमतात. हिवाळा तो दूर, खंडमंचाच्या कडेला काढतो, वसंतात किनाऱ्याकडे येतो.

त्याला पकडायला नांगर टाकत नाहीत. इंजिन बंद करून बोट वाऱ्याच्या आणि पाण्याच्या ओढीच्या हवाली करतात. माकुळाची लांबट पट्टी आणि एखादी चंदेरी मासोळी गळाला लावून, शिसं तळाला टेकवून ओढत न्यायची. वारा आणि ओढ एकाच दिशेने असली तर बोट धावते आणि शिसं तळ सोडतं, मग जास्त वजनाचं शिसं बांधा. दोन्ही समोरासमोर भिडली तर बोट जागची हलत नाही आणि आमिष वाळूत मढ्यासारखं पडून राहतं. बोट आडवी वाहते तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूच्या दोऱ्या मोकळ्या सुटतात, पलीकडच्यांच्या बोटीखाली जातात. भला कप्तान दर फेरीला बोट फिरवून दोन्ही कठड्यांना पाळी देतो. माझ्या मते बोट निवडताना एवढी एकच गोष्ट विचारावी.

फ्लूकचा घास म्हणजे धक्का नव्हे. काठीच्या टोकाला जडपणा येतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. नवखा तिथेच हिसका देतो आणि मोकळा गळ वर येतो. मुरलेला माणूस टोक थोडं खाली करतो, दोन क्षण थांबतो आणि मग सावकाश उचलतो. मेट, म्हणजे बोटीवरचा हरकाम्या खलाशी, जाळं घेऊन धावतो, पाठोपाठ मोजपट्टी येते. न्यूयॉर्कात अलीकडच्या हंगामांत फ्लूक निदान 19 इंच भरावा लागला आहे, त्यामुळे निम्म्याहून जास्त मासे मोजून परत पाण्यात गेले तरी नवल नाही. साडेअठरा इंचांवर मेटशी हुज्जत घालणारा एखादा प्रत्येक बोटीवर असतोच. सगळ्यांनी थोडे पैसे काढून केलेला गल्ला सर्वांत मोठ्या माशाला मिळतो, आणि तिथे तर इंचाइंचाला भाव.

जूनमध्ये दीपस्तंभापाशी खळाळत्या पाण्यात पट्टेवाला स्ट्राइप्ड बास येतो, उत्तरेकडे सरकणाऱ्या, तारलीच्या कुळातल्या मेनहेडनच्या मागावर. 1980च्या दशकात हा मासा इतका रोडावला की 1984 साली त्याच्यासाठी स्वतंत्र संघीय कायदा करावा लागला. 1995 मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. पण पुन्हा तो घटू लागला आणि 2023 पासून समुद्रात माणशी एकच, 28 ते 31 इंचांमधलाच ठेवता येतो. सोडून दिलेल्यांपैकीही 9 टक्के मरतात असं शास्त्रज्ञ हिशेबात धरतात. सोडलं म्हणजे वाचवलं, या समाधानात कठड्यावर कोणी फार राहू नये.

आणि या धक्क्यावरच्या ‘पेलिकन’ नावाच्या बोटीची गोष्ट. 1 सप्टेंबर 1951, लेबर डेच्या सुट्टीतला शनिवार. लाँग आयलंड रेलरोडची ‘फिशरमन्स स्पेशल’ गाडी शहरातून गळवाले घेऊन मॉन्टॉकला आली, माणसं धावत बोटींवर चढली. पेलिकनवर 64 जण होते, तिच्या कुवतीच्या कितीतरी जास्त. हवा बिघडली, परतताना एक इंजिन बंद पडलं, ईशान्येचा वारा उसळला आणि दीपस्तंभ दिसत असताना ती उलटली. 45 जण गेले, कप्तानासह. सुट्टी वाया जाऊ नये हा गिऱ्हाइकाचा हट्ट आणि भरलेली बोट सोडवत नाही हा मालकाचा मोह, दोन्ही त्या धक्क्यावर एकत्र आले होते. 1956 साली कायदा झाला. आज सहाहून जास्त उतारू नेणाऱ्या बोटीला तटरक्षक दलाची तपासणी लागते आणि किती माणसं चढवायची ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. धुक्यापायी किंवा वाऱ्यापायी फेरी रद्द करणाऱ्या कप्तानावर आजही लोक चिडतात. चिडू नये.

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींना जायचं असेल तर मेमोरियल डेची गर्दी टाळा. जूनच्या मध्यानंतर, कामाच्या दिवशी, अर्ध्या दिवसाची फेरी घ्या. न्यूयॉर्कच्या परवानाधारक पार्टी बोटीवर उतारूला वेगळी नोंदणी करावी लागत नाही. बोट लागत असेल तर गोळी धक्क्यावर असतानाच घ्या, लाटांत शिरल्यावर तिचा उपयोग नाही. मासा साफ करून देणाऱ्या मेटच्या हातावर काही ठेवायला विसरू नका, त्याची बरीचशी कमाई तीच असते.