सभागृहातील ठराव आणि घरातील पावती

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्या कुटुंबांना मिळकतकरात १९७० पासून एक सवलत मिळत आली आहे. घर भाड्याने न देता मालक स्वतः राहत असेल, तर वार्षिक करपात्र रकमेत चाळीस टक्के सूट द्यावी, असा तो ठराव होता. जवळजवळ अर्धे शतक ही सवलत इतकी अंगवळणी पडली, की ती सभागृहाच्या एका ठरावावर उभी आहे हे बहुतेकांच्या स्मरणातही उरले नव्हते. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य शासनाने तो ठराव रद्द केला आणि २०१९ नंतर आकारणी झालेल्या नव्या घरांना पूर्ण रकमेची देयके जाऊ लागली. अनेक जुन्या मिळकतींचीही सूट निघाली. २०२३ मध्ये शासनाने ही सवलत पुन्हा मान्य केली, पण एका अटीवर: ज्यांची सूट गेली होती किंवा ज्यांना ती मिळालीच नव्हती, त्यांनी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून, सोसायटीचे पत्र व रहिवासाचा पुरावा जोडून, ठरलेल्या मुदतीत महानगरपालिकेत दाखल करावा.

या अर्जाचे मोल किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. समजा, एखाद्या सदनिकेचे सवलतीविना वार्षिक देयक २०,००० रुपये आहे. ढोबळ हिशेबाने सूट ८,००० रुपयांची होते आणि पाच वर्षांत ती ४०,००० रुपयांवर जाते. दुकानातील वहीत ४० रुपयांचा फरक आला तरी रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधणाऱ्या घरांत ही रक्कम केवळ माहितीअभावी सुटून जावी, ही साधी गोष्ट नव्हे.

तसे होण्यास त्या काळची परिस्थितीही कारणीभूत होती. पुणे महानगरपालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. निर्णय होत राहिले, अंदाजपत्रकेही मंजूर होत राहिली. परंतु प्रभागातील माणसाला ‘तुमचा अर्ज भरला का?’ असे विचारणारा नगरसेवक त्या काळात अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. जानेवारी २०२६ मधील निवडणुकीने ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक पुन्हा सभागृहात आले आहेत. त्यांच्याकडून कशाची अपेक्षा करावी, याचा विचार आपल्या समाजाने आताच केला पाहिजे.

जकात गेली आणि नाते सैल झाले

एक काळ असा होता, की महानगरपालिकेत काय चालले आहे याची सर्वांत ताजी वार्ता व्यापाऱ्याकडे असे. शहरात येणाऱ्या प्रत्येक मालावर नाक्यावर जकात भरावी लागे. दरात अर्ध्या टक्क्याचा बदल झाला तरी भुसार, कापड, भांडी, औषधे या सर्व पेठांत त्याचे पडसाद उमटत. व्यापारी संघटनांचे पदाधिकारी स्थायी समितीच्या बैठकांवर लक्ष ठेवून असत. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून आंदोलन केले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून मुक्ती मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर उरलेला भागही इतिहासजमा झाला.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सुटकाच होती. परंतु तिचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. व्यापाऱ्याचा कर आता दिल्ली व मुंबईकडे जातो आणि महानगरपालिकेला त्याची भरपाई राज्य शासनाकडून मिळते. नाका गेला, तसा व्यापाऱ्याचा महानगरपालिकेशी असलेला रोजचा संबंधही गेला. आज बहुतेक व्यापारी कुटुंबांचे नगरसेवकाशी काम पडते ते गटार तुंबल्यावर, दुकानासमोर रस्ता खोदल्यावर किंवा एखाद्या दाखल्यावर सही हवी असल्यावर. मिळकतकर, पाणीपट्टी, दुकानावरील फलकाचे परवानगी शुल्क, बाजारपेठेतील वाहनतळ, ओल्या-सुक्या कचऱ्याचे नियम हे सारे मात्र आजही महानगरपालिकेच्याच कक्षेत आहे. खर्च चालूच आहे. लक्ष मात्र राहिलेले नाही.

हा कायदा कोणाचा?

नगरसेवकाने नागरिकांना दिलेली माहिती उपयोगी पडावी, असे वाटत असेल तर निर्णय कोणत्या पातळीवर झाला हे तीत स्पष्ट असावे लागते. आपल्याकडे येथेच सर्वांत मोठा गोंधळ होतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर पहिल्या वेळी ५,००० रुपयांचा दंड करणारा कर्मचारी महानगरपालिकेचा असतो, म्हणून दुकानदार नगरसेवकावर रागावतो. पण ती बंदी राज्य शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेतून आली आहे. मार्केट यार्डातील गाळ्यांचा प्रश्न कृषी उत्पन्न बाजार समितीचा. तिचा कायदा १९६३ चा आणि तोही राज्याचा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमावलीतला.

मग महानगरपालिकेच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय नागरी स्वराज्य संस्थांसाठी नमूद केले. राज्याच्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. ही समिती १६ सदस्यांची असते. तिने केलेल्या फेरफारांसह ते सर्वसाधारण सभेपुढे जाते. पुढील वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असे कायदा सांगतो. उपविधी करण्याचा अधिकार महानगरपालिकेला आहे. मात्र ते आधी प्रसिद्ध करावे लागतात आणि राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. सभागृहाने केलेला ठराव स्थगित करण्याचा अधिकारही शासनाकडे आहे. मिळकतकराच्या सवलतीची कहाणी त्याच वाटेने गेली. म्हणून ‘ठराव मंजूर झाला’ एवढे सांगून नगरसेवकाचे काम पूर्ण होत नाही. तो अमलात केव्हा येणार, त्याला कोणाची मान्यता बाकी आहे आणि नागरिकाने स्वतः काय करावयाचे आहे, हे सांगितले तरच ती माहिती पूर्ण होते.

हिशेबाच्या दोन जागा

व्यापारी कुटुंबांना ज्या भाषेत प्रश्न विचारता येतात ती भाषा हिशेबाची आहे. पुण्याच्या अंदाजपत्रकात अशा दोन जागा आहेत, ज्यांकडे सामान्य नागरिकाचे लक्ष सहसा जात नाही.

पहिली म्हणजे ‘स’ यादी. नगरसेवकांनी सुचविलेल्या प्रभागातील कामांसाठी अंदाजपत्रकात जी तरतूद होते, ती या नावाने ओळखली जाते. बाके, नामफलक, रंगरंगोटी, पदपथावरील फरशा अशी अनेक कामे तिच्यातून होतात. फरशी तीन वर्षांत दोनदा बदलली गेली असेल आणि त्याच गल्लीतील पावसाळी वाहिनी तशीच तुंबलेली असेल, तर त्याचे कारण या यादीतच सापडते.

दुसरी जागा म्हणजे वर्गीकरण. एका कामासाठी मंजूर झालेली रक्कम वर्षाच्या मध्येच ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळविणे, याला महानगरपालिकेच्या परिभाषेत वर्गीकरण म्हणतात. कधी ते आवश्यकही असते. परंतु मार्चमध्ये आपल्या परिसरातील दवाखान्यासाठी तरतूद झाल्याची बातमी वाचून समाधान मानणाऱ्या कुटुंबाला, तीच रक्कम पुढे रस्त्याच्या डांबरीकरणाकडे गेल्याचे कोणी सांगत नाही. पेढीवर एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात नेताना जमाखर्चाची नोंद लिहावीच लागते आणि तिच्याखाली कारणही द्यावे लागते. नगरसेवकाच्या वार्षिक निवेदनात ही नोंद असावी, अशी मागणी करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे.

धर्मकार्य आणि नगरपालिकेचा ठराव

आपल्या समाजाच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. पर्युषण पर्व, महावीर जन्मकल्याणक, रथयात्रा, चातुर्मासातील प्रवचनांचे मंडप या सर्वांचा कोठे ना कोठे महानगरपालिकेशी संबंध येतो. अहमदाबाद महानगरपालिकेच्या स्थायी समितीने १९९८ व १९९९ मध्ये पर्युषण काळात नगरपालिकेचे कत्तलखाने बंद ठेवण्याचे ठराव केले होते. गुजरात उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मार्च २००८ रोजी न्यायालयाने ते ठराव वैध ठरविले. वर्षातील अवघ्या काही दिवसांचे हे बंधन अवाजवी नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. सम्राट अकबराने जैन आचार्यांचा जो आदर राखला, त्याचाही निकालपत्रात उल्लेख आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत चित्र वेगळे दिसले. तेथे कत्तलखाने बंद ठेवण्याबरोबरच मांसविक्रीवरही बंदीचा आदेश होता. मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीवरील बंदीला स्थगिती दिली. कत्तलखाने बंद ठेवण्याच्या भागात मात्र हस्तक्षेप केला नाही. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. समाजाची भावना कितीही प्रामाणिक असो, न्यायालयापुढे उभा राहतो तो ठरावाचा मजकूर: त्याची मुदत, त्याची व्याप्ती, त्यामागील कारणे आणि त्याने इतरांच्या उपजीविकेवर घातलेले बंधन. असा मजकूर घाईघाईत, एखाद्या सत्कारसमारंभातील आश्वासनातून तयार होत नाही. त्याविषयी आपल्या बाहेरच्या नागरिकांशीही बोलावे लागते. हे बोलणे सर्वांचा प्रतिनिधी असलेल्या नगरसेवकाच्या माध्यमातून झाले, तर कटुता टळण्याची शक्यता अधिक.

बोलावणे कोणी करावे?

नगरसेवकाने नागरिकांना वेळोवेळी माहिती द्यावी, यासाठी चौकट उपलब्ध आहे. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनाच सांगते. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांच्या पातळीवर मोहल्ला समित्यांच्या बैठका घेण्याची पद्धत आहे. २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची सोयही आहे. साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास त्यासाठी अर्ज मागविले जातात. वाट बंद नाही. त्या वाटेने जाणारे थोडे आहेत.

चार सदस्यांच्या प्रभागपद्धतीमुळे एक नवी अडचण उभी राहते. एकाच प्रभागातून चौघे निवडून आले, म्हणजे तुंबलेल्या वाहिनीचे उत्तर कोणी द्यावयाचे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. यावर सोपा उपाय असा, की चौघांनाही एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर बोलवावे. अशी सभा घेण्याची साधने आपल्या संघांपाशी आहेत. सभागृह आहे, ध्वनिक्षेपक आहे, वेळेवर येणारे श्रोते आहेत आणि सूचना घरोघर पोहोचविणारे युवक-महिला मंडळही आहे. आजवर या सभागृहांत नगरसेवक आले ते शाल-श्रीफळ स्वीकारण्यासाठी किंवा निवडणुकीच्या तोंडावर. त्यांना वर्षातून दोनदा केवळ निवेदनासाठी बोलवावे: एकदा अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आणि एकदा चातुर्मासात.

त्या निवेदनात पाच गोष्टींची लेखी माहिती आधीच मागून घ्यावी. गेल्या सहा महिन्यांत आपल्या प्रभागाशी संबंधित कोणते ठराव झाले. त्यांपैकी किती अमलात आले व किती शासनाकडे प्रलंबित आहेत. ‘स’ यादीतून कोणती कामे झाली व त्यांवर किती खर्च झाला. वर्गीकरणाने कोणती रक्कम कोठे गेली. आणि येत्या काळात नागरिकांनी कोणते अर्ज, कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचे आहेत. उत्तरे सूचनाफलकावर लावावीत आणि सहा महिन्यांनी तोच कागद पुढे ठेवून पुढची सभा सुरू करावी. शेजारच्या सोसायट्यांतील अन्य समाजाच्या कुटुंबांनाही अगत्याने निमंत्रण द्यावे, कारण रस्ता, पाणी आणि कचरा यांना पंथ नसतो.

चातुर्मास आणि नागरिकांच्या अंदाजपत्रकाचे अर्ज हे दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात, हा योग यंदा वाया जाऊ देऊ नये. संघाच्या विश्वस्तांनी अर्जाचे नमुने क्षेत्रीय कार्यालयातून आणून ठेवावेत, हिशेबाची जाण असलेल्या दोन-तीन निवृत्त व्यक्तींना रविवारी सकाळी प्रवचनानंतर तासभर बसवावे आणि ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांचे अर्ज भरून द्यावेत. याच बैठकीत प्रत्येकाने आपले मिळकतकराचे देयकही आणावे आणि स्वतःच्या वापराच्या सवलतीची नोंद त्यावर आहे की नाही, हे तपासून घ्यावे.