मोटारीच्या एसीतला गॅस किती उरला?

एप्रिल उजाडला की छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि गॅरेजपुढे मोटारींची रांग लागते. तक्रार एकच : एसी गार हवा देत नाही. उत्तरही बहुधा ठरलेले : ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ या गॅसचे छोटे डबे, नळी आणि दाबमापक आता बाजारात मिळतात. त्यामुळे हे काम घरीच उरकावे असे अनेकांना वाटते. त्याआधी आपण दोन प्रश्न विचारू या. गॅस संपतो म्हणजे जातो कुठे? आणि तो किती उरला हे दाबमापकावरून कळते का?

कूलर आणि एसी

मराठवाड्यात कूलर सर्वांच्या परिचयाचा. त्यातल्या ओल्या वाळ्यावरून हवा वाहते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. वाफ खिडकीबाहेर निघून जाते, म्हणून टाकीत रोज पाणी ओतावे लागते.

मोटारीच्या एसीतही द्रवाची वाफच होते, मात्र बंद नळ्यांच्या आत. आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत आर-१३४ए नावाचे द्रव्य असते. वातावरणाच्या दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. डॅशबोर्डमागच्या नळ्यांत त्याची वाफ होते आणि आतली हवा गार होते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. इंजिनापुढच्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते. बारीक झडपेतून हा द्रव परत आत येतो आणि चक्र चालू राहते.

या चक्रात काहीच खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडा गॅस झिरपतो, तेवढे सोडा. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. फुटक्या घागरीत पाणी ओतण्याचाच तो प्रकार.

काटा काय सांगतो?

आता दुसरा प्रश्न. स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर भरलेला असो वा निम्मा, शेगडीची ज्योत सारखीच असते. म्हणूनच तो घरी आला की आपण दाब न मोजता वजन करून घेतो. बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असतील, तर वाफेचा दाब तापमानावर ठरतो. द्रव किती आहे यावर नाही. पारदर्शक लायटरमध्येही हेच दिसते : आतला द्रव उतरत जातो, ज्योत मात्र जवळपास तशीच राहते. (हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा.)

आर-१३४एचा दाब २५ अंशांना दर चौरस इंचाला सुमारे ८२ पौंड असतो, तर ४० अंशांना सुमारे १३३ पौंड. बंद ठेवलेल्या त्याच मोटारीला जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी मापक लावला, तर थेंबभरही गॅस न घालता काटा एवढा सरकेल. एसी चालू असताना त्यात पंख्याचा वेग, इंजिनाचा वेग, झडपेतला अडथळा आणि कॉम्प्रेसरची झीज यांची भर पडते. डब्यावरच्या मापकातला हिरवा पट्टा त्यामुळे अंदाजापलीकडे फारसे काही सांगत नाही.

अंदाज चुकून गॅस जास्त झाला, तर कंडेन्सरचा काही भाग द्रवानेच भरतो. वाफ थंड व्हायला जागा कमी पडते, दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो. द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचला तर तोही मोडू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. डबा चुकून जास्त दाबाच्या नळीला जोडला तर फुटू शकतो, आणि उडालेला द्रव त्वचा व डोळे क्षणात गोठवतो.

योग्य रीत

आधी उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा आणि गळती शोधून बुजवावी. मग निर्वात पंप लावावा. त्याने हवा तर निघतेच, शिवाय आत शिरलेले पाणीही निघते. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तेराव्या हिश्श्यावर पाणी ४० अंशांनाच उकळते. हे पाणी आत राहिले तर झडपेत गोठते आणि धातू गंजवते. शेवटी बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला गॅस वजन करून भरावा. लहान मोटारीत तो साधारण अर्धा किलो किंवा त्याहून कमी असतो. पंप आणि अचूक काटा नसताना हे काम घरी करू नये. कंडेन्सरवरची धूळ काढणे आणि आतल्या हवेचा फिल्टर साफ करणे मात्र घरी खुशाल करावे. कित्येकदा गारवा तेवढ्यानेही सुधारतो.

हा प्रश्न एका मोटारीपुरता नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ घडवतो. अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर ते सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे होते. युरोपीय संघाने अशा गॅसच्या एकदाच वापरायच्या डब्यांवर २००७ मध्ये बंदी घातली. या गटातील वायूंचा वापर घटवण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये स्वीकारला.

तेव्हा पुढच्या वेळी ‘गॅस भरून घ्या’ असे कोणी म्हणाले, तर दोनच गोष्टी विचाराव्यात : गळती कुठे आहे? आणि गॅस किती ग्रॅम भरणार?