वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष आणि आपण

आपल्या वस्तीतील मुलगा वा मुलगी एम.बी.बी.एस.ला लागली की सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, चौकात फलक लागतो. त्यानंतर साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची इंटर्नशिप पार पडेपर्यंत त्या विद्यार्थ्याची विचारपूस करणारे फारसे कोणी उरत नाही. खरी गरज मात्र तेव्हाच असते, आणि त्यातही पहिल्या वर्षी.

पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे मुख्य विषय असतात. बुद्धी कमी पडते असे सहसा नसते. पाठांतराचा डोंगर, जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणि सततच्या तोंडी परीक्षा यांनी विद्यार्थी गांगरतो. मराठी माध्यमातून आलेला अधिकच. बारावीपर्यंत पहिल्या क्रमांकात असलेला मुलगा येथे आयुष्यात प्रथमच मागे पडतो. गावी सत्कार झालेला असल्यामुळे हे घरी सांगण्याची त्याला लाज वाटते. मग फोनवर ‘सगळे ठीक आहे’ आणि इकडे तासांना दांडी, असे सुरू होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी लागते आणि अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण करावा लागतो. म्हणजे एकदा नापास झाल्याने काही बिघडत नाही, पण गप्प राहून वर्षे घालविण्यास वाव नाही.

दुसरी गोष्ट जातीची. ‘तुझी रँक किती?’ हा प्रश्न साधा दिसतो. पुष्कळदा तो जात विचारण्याचाच एक प्रकार असतो. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. वसतिगृहात वेगळे पडणे, शिक्षकांचे पुरेसे साहाय्य न मिळणे, या बाबी तिच्या २००७ च्या अहवालात नोंदल्या आहेत. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ पासून आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते, आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्यास निलंबित करून ती पोलिसांकडे पाठवावयाची असते. म्हणून तक्रार तोंडी न करता तारीख-वेळेसह लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. पोच घेण्याची सवय आम्हा बँकवाल्यांकडून उचलावी!

बँकेचा विषय निघालाच आहे तर शिष्यवृत्तीबद्दल सांगतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजनाही आहे. मात्र हे पैसे पुष्कळदा उशिरा येतात आणि मेसचे बिल दर महिन्याला येते. त्यातच विद्यार्थी शहरात नवे खाते उघडतो, पण आधार गावच्या बँकेतील खात्याला जोडलेले राहते. आधारवर आधारित रक्कम ज्या बँकेशी आधार शेवटी जोडला गेला त्या बँकेत जाते. पैसे तेथे पडून असतात आणि इकडे मुलगा एक वेळ जेवून दिवस काढतो. प्रवेशाच्या आठवड्यातच हे तपासून घ्यावे. संस्थेनेही दोन-तीन महिन्यांच्या मेसइतकी बिनव्याजी उचल देण्यासाठी छोटा निधी ठेवावा. मोठ्या बक्षिसापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनाचा ताण हे एकट्या-दुकट्याचे दुखणे नाही. आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली दिलेल्या अहवालात, पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचे सांगितले. पदव्युत्तर निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारसही त्यात आहे. पालकांनी फोनवर गुणांच्या आधी झोप व जेवण विचारावे. मूल सुट्टीत घरी यायचे टाळू लागले, फोन घेईना, किंवा ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलू लागले, तर वाट न पाहता जाऊन भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. मराठीतही बोलता येते.

आपल्या संस्थेत डॉक्टर झालेले सभासद आहेत. हाडांचा संच व जुनी पुस्तके सीनियरकडून ज्युनियरकडे जातच असतात. ती कोणाच्या हाती न पाठविता सीनियरने स्वतः वसतिगृहावर नेऊन द्यावीत, खोलीत अर्धा तास बसावे, आणि आपण कोणत्या विषयात गटांगळ्या खाल्ल्या ते त्या मुलाला सांगावे.